टक वाजल्याशिवाय

हमरापूरच्या ऋतुजा म्हात्रेला थांबणं कधी जमलंच नाही. पाळण्यात होती तेव्हा दूध यायच्या आत रडून सगळी आळी गोळा करायची, असं तिची आई पुतळी सांगते, आणि पुतळी काही तिखटमीठ लावून सांगणारी बाई नव्हे. शाळेत बाईंचा प्रश्न पुरा होण्याआधी हिचा हात वर. घरात कुकरची शिट्टी होण्याआधी ही ताट मांडून बसलेली. आणि अशी मुलगी जन्माला कुठे आली, तर गणपतीच्या कारखान्यात, जिथे निम्मं आयुष्य रंग वाळायची वाट बघण्यात जातं! देवालाही थट्टा सुचते ती अशी.

पेण तालुक्यात कारखाना म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे धुराडं येत नाही. कारखाना म्हणजे गणपतीचा. म्हात्र्यांचा कारखाना घराला लागूनच होता आणि त्यात फक्त लहान, घरगुती मूर्ती व्हायच्या. बाप जनू साच्यातून मूर्ती काढायचा, घासूनपुसून गुळगुळीत करायचा. काक्या अंगाचा रंग द्यायच्या. आणि सगळं झालं की मूर्ती पुतळीपुढे यायची, आखणीला. आखणी म्हणजे डोळे रेखणं. तोवर ती नुसती रंगवलेली माती. पुतळीनं बुबुळ टेकवलं की तीच मूर्ती तुमच्याकडे बघायला लागते. पंचक्रोशीत आखणी करणारे बरेच आहेत, पण पुतळीच्या गणपतीची नजर एकदा बघितलेला माणूस ती विसरत नाही.

पुतळीच्या दोन बाजूंना दोन फळ्या होत्या. ज्याला आखणी करून हवी त्यानं मूर्ती लाकडी पाटावर घालून आणायची, डाव्या फळीवर ठेवायची आणि मुकाट्यानं आपल्या कामाला जायचं. पुतळी आपल्या सवडीनं ती उचलणार, मांडीवर घेणार, डोळे रेखणार आणि उजव्या फळीवर ठेवणार. न्यायची ती तिथून. आधी ठेवलेली आधीच होईल असंही नाही. एखादीच्या डोळ्यांचा पांढरा रंग ओला असला तर ती मागे राहायची, मागची पुढे जायची. म्हणून प्रत्येक मूर्तीच्या पाठीला कुणाची ते लिहिलेली चिठ्ठी. एवढी सोपी पद्धत, पण तिच्यामुळे दहा हात एकमेकांत न अडकता चालायचे.

यात खोडा घालायची ती ऋतुजा. फ्रॉकातली पोर दर घटकेला आईच्या खांद्यावर लोंबकळून विचारायची, "आये, झाला? आये, झाला का गो?" एकदा अशाच गडबडीत पुतळीचा ब्रश हलला आणि गणपतीबाप्पा चक्क रागावलेले दिसायला लागले. पुतळीनं पोरीला मारलं नाही. ब्रश उलटा धरून त्याचा दांडा फळीवर आपटला.

"ऐकलास आवाज? एक मूर्ती झाली का मी असा टक करीन. टक वाजल्याबिगर मला काय इचारायचा नाय. तवर तुझा जो काय काम असंल तो कर."

"मला काय काम हाय?"

"मी मूर्ती मांडीवर घेतली का खालचा पाट मोकळा होतो. तो उचलायचा नि बाबांना नेऊन द्यायचा, दुसऱ्या मूर्तीला. पाट कमी पडतात आपल्याला."

झालं, पोरीला धंदा मिळाला. आईनं मूर्ती उचलली रे उचलली की हिचा हात पाटावर. झडप घालून पाट पळवण्यात ती इतकी तरबेज झाली की काक्या तिला घार म्हणायला लागल्या. आणि मागे कुठेतरी टक वाजायचं, मग दुसरं, मग तिसरं. ऋतुजाचं सगळं लहानपण त्या आवाजावर गेलं.

पुढे ती कॉम्प्युटर शिकली. पुण्याला नोकरी करून बघितली, पण तिथे कामापेक्षा कामाबद्दलच्या बैठकाच जास्त. बसून बसून तिचे पाय शिवशिवायला लागले. तेवढ्यात रोह्याच्या धनेश तांडेल यांनी अष्टमीला, कुंडलिकेच्या पुलाजवळ, दोन खोल्यांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस थाटलं होतं, तिथे माणूस हवा होता. ऋतुजानं ते ऐकलं आणि पुण्यातलं सामान बांधलं. सकाळी हमरापूर स्टेशनला गाडी धरायची, रोह्याला उतरायचं, संध्याकाळी उलट. पगार कमी, पण बैठका शून्य. शिवाय धनेशदादा माणूस सरळ. सावध मात्र इतका की रिकाम्या रस्त्यावरसुद्धा इंडिकेटर दिल्याशिवाय वळायचा नाही.

हमरापूरच्या कारखानदारांची वेबसाइट काढायची कल्पना ऋतुजाचीच. तोवर मूर्ती जायच्या डीलरकडे. डीलर टेंपो भरून न्यायचा आणि शहरात आपल्या दुकानाच्या नावावर विकायचा. पुतळीनं रेखलेले डोळे कितीतरी घरांत पुजले गेले असतील, पण ते पुतळीचे आहेत हे कुणाला ठाऊक? वेबसाइटवर प्रत्येक मूर्तीखाली नाव असणार होतं : घडण अमक्याची, आखणी तमकीची. फोटो भलेमोठे, बोटांनी ताणून मोठे करून गणपतीची पापणीन् पापणी बघता यावी असे. अक्षय्य तृतीयेला बुकिंग उघडायचं ठरलं आणि गेल्या वर्षी ते उघडलंही.

उघडलं आणि तुंबलं. सकाळीच इतकी माणसं लोटली की कुणालाच काही दिसेना. पडद्यावर पांढरं चाक फिरतंय आणि फिरतंय. दुपारपर्यंत गिऱ्हाइकं कंटाळून दुकानांकडे वळली आणि हमरापूरच्या मूर्ती पुन्हा टेंपोत चढल्या. ऋतुजा त्याच रात्री लॅपटॉप उघडून कारण शोधायला बसली.

यंदा होळी झाल्यावर मारुतीच्या देवळात सगळे कारखानदार बसले. कान्हू पाटील, मंडळांच्या मोठ्या मूर्ती करणारा, आवाजही मूर्तीएवढाच मोठा, त्यानं सुरुवातच अशी केली, "झाली तेवढी हौस बस झाली. डीलरला फोन करू नि मोकळा होऊ." माना डोलल्या. तेव्हा मागच्या खांबाजवळून पुतळी उठली. बैठकीत ती जन्मात कधी बोलली नव्हती.

"एक साल द्या," ती म्हणाली. "माझी पोर करील. नाय झाला तर डीलरच्या टेंपोत पयली मूर्ती मी सोता भरीन. नि मग माझा नाव कंच्याच मूर्तीखाली नको."

डीलरचा फोन सालभर लांबला. ऋतुजाची छाती अभिमानानं भरून आली.

वेबसाइट का तुंबली ते तिनं तेव्हाच शोधून काढलं होतं. प्रत्येक मोठ्या फोटोचे छोटे छोटे तुकडे करून डिस्कवर ठेवलेले. गिऱ्हाईक जिथे ताणून बघेल तिथला तुकडा आणून द्यायचा. आता डिस्कला हात लावायची परवानगी साध्या प्रोग्रॅमला नसते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात कर्नल नावाचा गाभा असतो आणि डिस्क, नेटवर्क, सगळं त्याच्या ताब्यात. प्रोग्रॅमनं दर खेपेला कर्नलच्या दाराशी जायचं, "अमुक तुकडा द्या" म्हणायचं आणि तुकडा हातात पडेपर्यंत दारातच ताटकळायचं. मग पुन्हा पुढच्या तुकड्यासाठी दार. शंभर माणसं असली तर निभतं. हजारोंनी आली की दाराशी चेंगराचेंगरी. पुतळीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मिलिटरीतला माणूस आपल्या गणपतीच्या मधी कशाला आणलास?"

आणि मग एका सकाळी, कासू आणि नागोठण्याच्या मध्ये, गाडी सिग्नलला रखडलेली असताना, ऋतुजा मोबाइलवर काहीबाही वाचत होती. वाचता वाचता ती ताठ झाली. लिनक्सच्या कर्नलमध्ये आयओ-युरिंग नावाची एक सोय आहे, असं तिथे लिहिलं होतं. प्रोग्रॅमला आणि कर्नलला, दोघांनाही दिसेल अशी एक सामायिक जागा करायची. तिच्यात दोन रांगा. एका रांगेत प्रोग्रॅमनं आपली मागणी ठेवायची, चिठ्ठी लावून, आणि आपल्या कामाला निघून जायचं. कर्नल आपल्या सवडीनं मागणी उचलणार, काम करणार आणि दुसऱ्या रांगेत "झालं" म्हणून ठेवणार, तीच चिठ्ठी लावून. आधीची आधी होईल असं नाही. दर खेपेला दार वाजवायचं नाही. ताटकळायचं नाही!

"आयेच्या फळ्या!" ऋतुजा ओरडली.

समोर पांढऱ्या कांद्यांच्या माळा घेऊन बसलेली बाई दचकली. "काय गो, काय इसरलंस घरी?"

"इसरले नाय मावशी, गावला!" म्हणत ऋतुजा डब्यात उभी राहिली, पुन्हा बसली, पुन्हा उभी राहिली. जगातल्या कुठल्याशा मोठ्या डोक्याच्या माणसांनी रात्रंदिवस खपून जे काढलं होतं, त्याच्याशेजारी ती लहानपणापासून खेळली होती. आनंदानं तिचे कान गरम झाले. नागोठणं कधी गेलं, रोहा कधी आलं, तिला कळलं नाही.

धनेशदादानं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "चालत्या गाड्याला खीळ घालू नकोस, ऋतुजा."

"दादा, गाडा चालतोय कुठे? गेल्या वर्षी सगळ्या गावानं बघितलाय तो रुतलेला!"

दादानं चष्मा परत चढवला. "कर," तो म्हणाला, "पण जुनं पुसू नकोस."

मग काय विचारता! ती लिहीत सुटली. गाडीत लिहिलं, ऑफिसात लिहिलं, डबा खाताना डाव्या हातानं लिहिलं. तुकडे आणून ठेवायला मेमरीत जागा लागते. त्या जागा मोजक्या, म्हणून पुन्हा पुन्हा वापरायच्या. प्रोग्रॅममध्ये तिनं त्यांना नाव दिलं पाट. मागणीच्या रांगेला डावी, झालेल्याच्या रांगेला उजवी. पुण्यातल्या तिच्या जुन्या साहेबांनी ही नावं बघितली असती तर कपाळाला हात लावला असता, पण तिला त्यात घर दिसत होतं आणि हात आपोआप चालत होता. पहिल्यांदा चालवून बघितलं, तर फोटो बोट टेकताच समोर! तिनं खुर्ची गर्रकन फिरवली ती सरळ पंख्याच्या स्टँडवर आदळली.

बुकिंगच्या आधीच्या रविवारी कान्हूच्या अंगणात सगळा गाव जमला. तालीमच ती. म्हातारेकोतारे, सुना, पाहुणे, जो तो आपापला मोबाइल घेऊन. ऋतुजानं हात वर केला आणि ओरडली, "उघडा सगळ्यांनी! मूर्ती ताणून बगा! कितीबी बगा!"

फोटो आले. झटकन आले. एकच गलका उठला, कुणी टाळ्याही वाजवल्या. आणि मग एका कोपऱ्यातला गलका थांबला, दुसऱ्या कोपऱ्यातला थांबला.

"ह्यो कोनाचा गणपती?" कान्हूनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मुकुट त्याच्या राजेशाही मूर्तीचा होता. त्याखाली कपाळ पुतळीच्या बालगणेशाचं. सोंड तिसऱ्याच कारखान्याची आणि खाली उंदीर नव्हताच, त्या जागी कुणाच्या तरी मूर्तीचा कान आला होता. शेजारच्या मोबाइलवर वेगळीच भेसळ. एका म्हातारीनं घाईघाईनं कानाला हात लावले आणि मोबाइल पालथा घातला.

"ह्या असा लोकांनी बगितला ना," कान्हू म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता, "तर हमरापूरच्या माणसाला तोंड दाखवायला जागा नाय."

पुतळीनं मोबाइल शेजारणीच्या हातात दिला. पदर खोचला आणि आपल्या फळ्यांकडे निघून गेली. ऋतुजाला ते कान्हूच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढचे दिवस तिनं डोकं खाजवून काढले. चिठ्ठ्या उलटसुलट होत असतील म्हणून त्या तपासल्या, चिठ्ठ्या बरोबर. तुकडे जोडणारा भाग तपासला, तोही बरोबर. गंमत म्हणजे ती एकटी बसून बघायची तेव्हा सगळे गणपती धडधाकट. गर्दी झाली की देवांची अदलाबदल. धनेशदादा फोनवर हळूच म्हणाला, "जुनंच ठेवू या का? निदान हळू तरी येतात, पण आपापल्या सोंडेसकट येतात." ती फोन ठेवून ढसाढसा रडली. मग तोंड धुतलं आणि ठरवलं, फोटोच साठवताना मिसळले असणार. कान्हूकाकाच्या मूर्तींपासून सगळे नव्यानं काढायचे.

लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून ती कान्हूच्या कारखान्यात शिरली, तेव्हा तो कमरेएवढ्या एका मूर्तीच्या पोटाला सोनेरी काठ देत होता. एवढी मूर्ती मांडीवर घेता येत नाही. त्यानं ती पुढे कलती करून गुडघ्याला टेकवली होती आणि ब्रश चालू होता. मागून पाटाचा अर्धा भाग उघडा दिसत होता. ऋतुजाच्या मनात फोटोंचा विचार, पायात घाई, आणि हात? हाताला कुणी काही सांगितलं नव्हतं. मूर्ती कारागिरानं घेतलेली दिसली, पाट मोकळा दिसला, हात गेला. घारीनं झडप घातली आणि पाट ओढला.

"पाट सोड! अगो पाट सोड!"

मूर्ती डगमगली. कान्हूनं ब्रश फेकून दोन्ही हातांनी तिला कवटाळलं, सोनेरी रंग त्याच्या गालाला फासला गेला, आणि ऋतुजानं पाट होता तिथे दाबून धरला. मूर्ती सावरली.

"याड लागला का तुला?" कान्हू धापा टाकत म्हणाला. "मी नुसती घेतलीय हातात. झाली कुठं हाय? उभी त्याच पाटावर हाय ना ती!"

ऋतुजानं तोंड उघडलं ते माफी मागायला. पण तोंडातून आलं भलतंच.

"घेतली म्हणजे झाली नाय," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "काका! घेतली म्हणजे झाली नाय!" आणि ती हसायला लागली. कान्हू तिच्याकडे बघतच राहिला. पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला असंच त्याला वाटलं.

तिच्या डोळ्यांपुढे सगळं लख्ख उभं होतं. घरी आई मूर्ती मांडीवर घ्यायची, म्हणून पाट लगेच मोकळा व्हायचा. तोच नियम तिनं प्रोग्रॅमला शिकवला होता : कर्नलनं डाव्या रांगेतून मागणी उचलली की पाट मोकळा, दे दुसऱ्याला. पण कर्नलला मांडीच नाही! तो मागणी उचलतो, म्हणजे रांगेतली जागा तेवढी रिकामी होते. फोटोचा तुकडा त्यानंतर त्याच पाटावर येऊन उभा राहायचा असतो. तो येतोय तोवर हिनं पाट काढून दुसऱ्या मूर्तीला दिलेला. एकटं गिऱ्हाईक असलं तर तुकडा येऊन पोचायचा आणि चूक झाकली जायची. गर्दीत दोघांचे तुकडे एकाच पाटावर. राजेशाही मुकुटाखाली बालगणेशाचं कपाळ आलं ते असं. आणि ही चूक मोठ्या मूर्तींच्या घरातल्या पोरीनं केलीच नसती. लहान मूर्तींच्या कारखान्यात वाढलेल्या घारीचीच ती.

टक वाजल्याशिवाय नाही. आईनं लहानपणी पहिला नियम सांगितला होता तो हाच.

ती तिथेच शाडूच्या पोत्यावर बसली आणि लॅपटॉप उघडला. पाट परत करायची ओळ डाव्या रांगेजवळून उचलली आणि उजव्या रांगेजवळ नेऊन ठेवली, "झालं" आल्यावर. बस्स. ओळ तीच, फक्त जागा बदलली. घाईत साधं नावसुद्धा तिनं चुकीचं टाइप केलं, पुसलं आणि पुन्हा टाइप केलं. मग धनेशदादाला फोन.

"दादा, खोटी गिऱ्हाइकं सोडा! जेवढी सोडता येतील तेवढी सोडा!"

अष्टमीच्या ऑफिसातून दादानं खोट्या मागण्यांचा लोंढा सोडला. ऋतुजा, गालाला सोनं फासलेला कान्हू आणि कारखान्यातल्या बाया मोबाइलवर झुकल्या. गणपती येत होते. मुकुट, कपाळ, सोंड, उंदीर, सगळं ज्याचं त्याचं. कान्हूनं आपली राजेशाही मूर्ती ताणून ताणून बघितली, पार नखापर्यंत.

"माझाच हाय," तो म्हणाला. "पुरा माझाच हाय!" आणि तोच मागे वळून ओरडला, "अरे कोनीतरी पुतळीला सांगा!"

पण पुतळी आखणीला बसली होती, आणि तिला मध्येच जाऊन कोण सांगणार?

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी ऋतुजा ऑफिसात खुर्चीवर नव्हतीच. ती उभी होती. धनेशदादाचा चहा टेबलावर गार होत होता. बुकिंग उघडलं. पडद्यावर तिनं दोन रांगा काढून ठेवल्या होत्या. डावी भरायला लागली. भरली, फुगली, गेल्या वर्षी ज्या टोकाला पोचून सगळं बसलं होतं त्या टोकाला आली. पण उजवीही पळत होती! इकडून मागणी, तिकडून झालं. मागची पुढे, पुढची मागे, कुणी कुणाच्या वाटेत नाही. तिला तर प्रत्येक "झालं"ला टक ऐकू येत होतं, टकटक, टकटक, जणू सगळ्या हमरापूरच्या आखणीवाल्या एकदम बसल्यात.

"रुतला नाही," धनेशदादा पुटपुटला. मग त्या सावध माणसानं आयुष्यात पहिल्यांदा इंडिकेटर न देता टेबलावर मूठ आपटली आणि चहा सांडला. "अगं रुतला नाही!"

पहिलं बुकिंग आलं, मग दुसरं, मग मोजण्यात अर्थ राहिला नाही. गावातून फोनवर फोन. कान्हूकाकाचा आवाज तर फोन न लावताही रोह्यापर्यंत आला असता. आणि त्या गर्दीतच एक बुकिंग आलं, पुतळीच्या बालगणेशाचं, दूर चंद्रपूरहून. खाली त्या बाईंनी दोन ओळी लिहिल्या होत्या. ऋतुजानं त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि पिशवी उचलली.

"कुठे निघालीस?" दादा म्हणाला.

"आयेकडे. ती आखणी करताना फोन घेत नाही."

गाडीत बसवेना, म्हणून ती हमरापूरपर्यंत दारातच उभी राहिली. स्टेशनवरून घरापर्यंत चालत येतात माणसं. ती धावत आली. कारखान्यात शिरली तेव्हा पुतळी पाठमोरी बसली होती, मांडीवर मूर्ती, डावं बुबुळ अर्धं टेकवलेलं. ऋतुजाच्या ओठांवर आलं होतं, आये, झाला! पण ती दारातच थबकली. श्वास लागलेला, बातमी पोटात मावत नाही, तरी थांबली. जन्मात एवढं थांबली नसेल.

ब्रश उचलला गेला. मूर्ती उजव्या फळीवर गेली. टक.

"आता बोल," पुतळी म्हणाली. मागे न बघता तिला कळलं होतं कोण आलंय.

ऋतुजानं मोबाइल काढला आणि वाचलं. "गेल्या वर्षी दुकानातून आणलेल्या गणपतीची नजर आमच्या घरात सगळ्यांच्या मनात बसली होती. दुकानदाराला विचारलं, त्याला काही सांगता आलं नाही. आज इथे फोटो मोठे करून बघितले आणि तेच डोळे सापडले. आखणी करणाऱ्या पुतळी म्हात्रे यांना नमस्कार सांगा. यंदाही त्यांच्याच हाताची हवी."

पुतळी हातातल्या ब्रशाकडे बघत राहिली.

"परत वाच."

ऋतुजानं परत वाचलं. आईचं नाव या खेपेला जरा मोठ्यानं.

"बुकिंगचा काय झाला? देवळात बोलले होते मी."

"कुठं अडला नाय, आये. सगळ्यांच्या मूर्ती गेल्यात. ज्याची त्याला, पुरी."

पुतळीनं पदरानं डोळे पुसले, ब्रश उलटा धरला आणि दांडा फळीवर वाजवला. टक. मांडीवर मूर्ती नव्हती, उजव्या फळीवर नवीन काही ठेवलं नव्हतं. ऋतुजाला मात्र बरोबर कळलं काय झालं ते, आणि ती फ्रॉकातल्या पोरीसारखी आईच्या खांद्यावर जाऊन पडली.